घुमटाचा शिल्पकार

इटली देशातील फ्लॉरेन्स हे नगर कलावंतांचे माहेरघर म्हणून जगाला ठाऊक आहे. या नगराकडे येणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस दुरूनच पडतो तो सांता मारिया देल फ्योरे या प्रार्थनामंदिराचा तांबूस, विशाल घुमट. विटादगडांनी बांधलेल्या घुमटांत तो आजही जगातील सर्वांत मोठा मानला जातो. तो उभारणाऱ्या पुरुषाचे नाव फिलिप्पो ब्रुनेलेस्की. आधी योग्य साधन निर्माण करावे आणि मग कार्याला हात घालावा, हे ज्याने स्वतःच्या कृतीने जगाला दाखविले, अशा या कारागिराची ही कथा आहे.

फिलिप्पोचा जन्म १३७७ साली फ्लॉरेन्समध्ये झाला. त्याचे वडील दस्तऐवज तयार करणारे एक प्रतिष्ठित गृहस्थ होते. मुलाने आपलाच व्यवसाय करावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु फिलिप्पोचे मन लेखणीपेक्षा हत्यारांत अधिक रमे. अखेर तो सोनारकाम शिकला. सोन्याचांदीवरील नाजूक कारागिरीबरोबर त्याने घड्याळे बनविण्याची कलाही हस्तगत केली, असे सांगतात. लहान दातेरी चाक मोठ्या चाकाला कसे फिरविते, याचे ज्ञान त्याला पुढे फार उपयोगी पडले.

१४०१ साली नगरातील एका पवित्र वास्तूच्या ब्राँझच्या दरवाजांसाठी स्पर्धा झाली. तीत फिलिप्पोने भाग घेतला. परंतु ते काम लोरेन्झो गिबर्टी या दुसऱ्या तरुण कलावंताला मिळाले. फिलिप्पो हताश झाला नाही. तो रोमला गेला आणि तेथील प्राचीन इमारतींचे भग्नावशेष त्याने बारकाईने पाहिले व मोजले.

इकडे फ्लॉरेन्समध्ये एक मोठाच पेच पडला होता. प्रार्थनामंदिराचे बांधकाम १२९६ साली सुरू झाले होते. शंभराहून अधिक वर्षांच्या कष्टांनंतर भिंती उभ्या राहिल्या. पण माथा उघडाच राहिला. घुमट बांधावयाचा होता तो जमिनीपासून पन्नास मीटरांहून अधिक उंचीवर, आणि त्याखालील पोकळी चाळीस मीटरांहून अधिक रुंद होती. त्या काळी कमान बांधताना तिच्याखाली लाकडी साचा उभारीत. एवढ्या मोठ्या पोकळीला पुरेल असा साचा करावयाचा तर अरण्येच्या अरण्ये तोडावी लागली असती.

१४१८ साली बांधकामाच्या व्यवस्थापकांनी दवंडी पिटून कारागिरांकडून आराखडे मागविले व विजेत्यास २०० सुवर्णनाण्यांचे पारितोषिक जाहीर केले. घुमट कसा बांधावा एवढेच त्यांनी विचारले नव्हते. सामान वर चढविण्याच्या यंत्रांचे नमुनेही मागितले होते. लाकडी साच्याविना घुमट बांधता येईल, असे फिलिप्पोने सांगितले, तेव्हा अनेकांनी त्याला वेड्यात काढले. परंतु दुसऱ्या कोणाची योजना पटण्याजोगी नव्हती. १४२० साली त्याच्यावर काम सोपविण्यात आले आणि गिबर्टीला त्याच्या बरोबरीचा अधिकारी नेमण्यात आले.

आता खरी कसोटी होती. लक्षावधी विटा, चुना, लाकूड आणि प्रचंड वजनाचे दगड एवढ्या उंचीवर न्यावयाचे कसे? मंदिरावर एक जुने मोठे चाक होते. माणसे त्याच्या आत चालत व चाक फिरवीत; त्यावर दोर गुंडाळला जाऊन ओझे वर चढे. हे साधन हाताशी होते आणि त्यासाठी नवा खर्चही नव्हता. परंतु नव्या कामाला ते पुरे पडणारे नाही, हे फिलिप्पोने ओळखले. त्याने माणसांऐवजी बैलांची शक्ती निवडली.

या निवडीत एक अडचण होती. आपल्याकडे पूर्वी विहिरीवर मोट चाले. बैल धावेवरून खाली जात तेव्हा मोट वर येई, आणि ती रिकामी झाली की बैलांना पाठमोरे परतावे लागे. गोल फिरणाऱ्या बैलांच्या बाबतीत ओझे खाली सोडावयाचे झाल्यास प्रत्येक वेळी त्यांचे जू सोडून त्यांना उलट दिशेने जुंपावे लागले असते. त्यात दिवसाचा कितीतरी वेळ वाया गेला असता.

फिलिप्पोने यावर अपूर्व तोड काढली. बैल ज्या उभ्या खांबाभोवती फिरत, त्यावर त्याने दोन आडवी दातेरी चाके बसविली. एक वर व एक खाली. त्यांच्यामध्ये दोर गुंडाळणाऱ्या रुळाचे मोठे चाक होते. मळसूत्राच्या साहाय्याने खांब किंचित वर किंवा खाली सरकविला की एक चाक सुटे आणि दुसरे गुंते. बैल एकाच दिशेने चालत राहत; रूळ मात्र उलटा फिरू लागे. रुळांची जाडीही वेगवेगळी होती. हलके ओझे जाड रुळावरून झपाट्याने चढे, तर भारी दगड बारीक रुळावरून सावकाश चढे.

यंत्राला साजेसा दोरही हवा होता. तो पिसा शहराहून मागविण्यात आला. त्याची लांबी सुमारे १८० मीटर असून वजन ४५० किलोग्रॅमपेक्षा अधिक होते. १४२१ साली यंत्र चालू झाले आणि पुढे अनेक वर्षे त्याने घुमटाचा भार वर वाहून नेला. वर पोहोचलेला दगड नेमक्या जागी बसविण्यासाठी फिलिप्पोने नंतर आणखी एक यारी तयार केली.

त्याची प्रत्येकच युक्ती सफल झाली असे मात्र नाही. पांढरा संगमरवर आर्नो नदीतून आणण्यासाठी त्याने एक विलक्षण नौका बांधली होती. १४२१ साली नगराने तिच्याबद्दल त्याला तीन वर्षांचा विशेष हक्कही दिला होता. परंतु १४२८ साली ती नौका संगमरवरासह बुडाली व त्याला मोठे नुकसान सोसावे लागले. त्यामुळे घुमटाचे काम मात्र थांबले नाही. वीट विटेवर चढत राहिली आणि १४३६ साली घुमट पूर्ण झाला.

घुमटाच्या शिखरावरील संगमरवरी छत्रीची रचनाही फिलिप्पोनेच केली होती. परंतु ती पूर्ण झालेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १५ एप्रिल १४४६ रोजी तो मरण पावला. ज्या मंदिराला त्याने माथा दिला, त्याच मंदिरात त्याला चिरविश्रांती देण्यात आली. त्याची विस्मृतीत गेलेली समाधी १९७२ साली पुन्हा सापडली.

पुढे लिओनार्दो दा विंची या थोर कलावंताने फिलिप्पोच्या यंत्रांची चित्रे मोठ्या आस्थेने काढून ठेवली. घुमटाकडे पाहून लोक थक्क होतात, ते योग्यच आहे. परंतु त्याच्या पायथ्याशी, धुळीत, एकाच दिशेने चालणाऱ्या बैलांचेही स्मरण ठेवले पाहिजे. हाताशी असलेले साधन कामाला पुरेल की नाही, याचा विचार फिलिप्पोने पहिला दगड उचलण्यापूर्वी केला. म्हणूनच उघडा राहिलेला माथा त्याच्या हयातीत झाकला गेला.