धुरातली पॉवर हेरणारा माणूस

जुन्या गाडीचा टर्बो बूस्ट वाढवायचाय? मग आल्फ्रेड ब्युखी तुम्हाला माहीत हवाच! स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचा हा इंजिनीअर, जन्म १८७९चा. इंजिनाच्या धुराबरोबर वाया जाणारी ताकद त्याला खटकायची. त्याच धुरावर टर्बाइन फिरवून इंजिनात जादा हवा कोंबायची, या कल्पनेचं पेटंट त्याने १९०५ मध्ये घेतलं. पुढची वीसेक वर्षं मात्र चाचण्यांतच गेली. मग दोन जर्मन जहाजांची डिझेल इंजिनं १७५० वरून थेट २५०० हॉर्सपॉवरवर! अमेरिकेत टर्बोवाल्या कार विकायला आल्या १९६२ मध्ये; तो १९५९ मध्येच गेला होता.

तेव्हा बॉस, बूस्ट वाढवण्याआधी जरा थांबा. हवा वाढली की इंधनही वाढवावं लागतं. ते कमी पडलं तर पिस्टन वितळतो. ब्युखीने वीस वर्षं धीर धरला, तुम्ही आधी इंजिन तर तपासून घ्या!