यशवंतराव होळकर : न जुळलेली फौज

१७९७ मध्ये पुण्यात शिंद्यांच्या फौजेने मल्हारराव होळकरांना ठार केले. त्या छाप्यातून निसटलेले त्यांचे बंधू यशवंतराव (१७७६-१८११) यांनी स्वतःची फौज उभारली. १८०२ मधील त्यांच्या स्वारीत आजच्या नंदुरबार जिल्ह्यासह खानदेश उजाड झाला. हडपसरला शिंदे-पेशव्यांचा पराभव झाला.

१८०३ मध्ये इंग्रजांविरुद्ध शिंदे, भोसले व होळकर यांच्या एकीची बोलणी झाली. शिंद्यांनी मुलूख परत देण्याचे मान्य केले, तरी संशय फिटला नाही. आपली फौज इतरांच्या भरवशावर सोडण्यास यशवंतराव तयार नव्हते. ते माळव्यातच राहिले. असई व अडगावला उरलेले दोघे हरले.

१८०४ मध्ये यशवंतराव लढले, कर्नल मॉन्सनची त्यांनी दाणादाण उडवली. पण शिंदे तोवर तहाने बांधले गेले होते. १८०५ मध्ये यशवंतरावांनाही राजघाटचा तह स्वीकारावा लागला.