पियानोचा जनक

आपल्या सोसायटीतली मुलं कीबोर्डवर पियानोचा आवाज लावून बसतात, तेव्हा मला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी आठवतो. १६५५ साली इटलीतल्या पादुआत जन्मलेला हा कारागीर १६८८ मध्ये फ्लॉरेन्सला राजपुत्र फर्डिनांदो मेदिचीकडे नोकरीस लागला. तेव्हाच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जायची. बोट हळू ठेवा नाहीतर जोरात, आवाज जवळपास तेवढाच. याने तारेवर हातोडी मारली. पण ती टेकून राहिली तर सूर मरतो, म्हणून पट्टी दाबलेली असतानाही ती लगेच मागे पडेल अशी युक्ती केली. खरी करामत हीच! याचा पुरावा म्हणजे १७०० सालची मेदिचींच्या वाद्यांची यादी. बँकेत डेड स्टॉक रजिस्टर तपासण्यात माझी हयात गेली, पण अशी नोंद कधी वाट्याला आली नाही.