क्रॉयडन ते डार्विन

५ मे १९३० रोजी सकाळी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून एक लहानसे हिरवे विमान आकाशात झेपावले. त्यात एकच व्यक्ती होती. तिचे नाव ॲमी जॉन्सन, वय अवघे सव्वीस. तिला जायचे होते ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विन या शहरी. वाटेतील मुक्काम धरून हे अंतर सुमारे १७,७०० किलोमीटर भरत होते. तोवर कोणत्याही स्त्रीने ते एकटीने ओलांडले नव्हते.

ॲमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधील हल या बंदरात झाला. तिचे वडील मासळीचे व्यापारी होते. पदवी घेतल्यावर ती लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत काम करू लागली, आणि नोकरी सांभाळून विमान चालविण्यास शिकली. तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही. यंत्रशाळेत तेलाने हात माखून घेत तिने विमानदुरुस्तीचा परवानाही मिळविला. असा परवाना मिळविणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री होय. मात्र लंडनहून हलपर्यंत, एवढाच तिचा तोवरचा सर्वांत लांबचा विमानप्रवास होता!

तिचे जुने ‘जिप्सी मॉथ’ विमान ताशी साधारण १३५ किलोमीटर जाई. अखंड उडता आले असते, तर डार्विन साडेपाच दिवसांच्या वाटेवर होते. पण विमानाला इंधन हवे, माणसाला झोप हवी, आणि ऊनपाऊस तर उघड्या बैठकीवरच झेलायचा. बर्ट हिंकलर या वैमानिकाने १९२८ साली इंग्लंडहून डार्विन साडेपंधरा दिवसांत गाठले होते. तो विक्रम मोडावा, अशी ॲमीची मनीषा होती.

बगदादच्या वाटेवर धुळीच्या वादळाने तिला वाळवंटात उतरविले. विमान उडून जाऊ नये म्हणून तिने चाकांना आपले सामान टेकविले आणि वादळ शमेपर्यंत तेथेच ठाण मांडले. तरीही सहाव्या दिवशी ती कराचीस पोहोचली. हिंकलरपेक्षा ती दोन दिवस पुढे होती! पुढे इंधन संपत आल्यामुळे झाशीला तिला लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. तेथे विमानाच्या पंखाला इजा झाली. ती दुरुस्त करून ती कलकत्त्यामार्गे ब्रह्मदेशात गेली.

तेथे मात्र दैव फिरले. मुसळधार पावसात रंगूनचे मैदान तिला सापडेना. जवळच्या इन्सीन गावी एका शिक्षणसंस्थेच्या क्रीडांगणावर ती उतरली, तो विमान खड्ड्यात गेले. पंख फाटला, पंखा मोडला. संस्थेतील मंडळींनी मोठ्या आपुलकीने दुरुस्ती केली. पण त्यात मोलाचे दिवस गेले, आणि त्यांबरोबर विक्रमही.

आता घाई कशासाठी? ॲमी तरीही निघाली. बँकॉक, सिंगापूर, जावा बेट मागे टाकून, तिमोरचा समुद्र ओलांडून २४ मे रोजी ती डार्विनला उतरली. साडेएकोणीस दिवस लागले होते. विक्रम हुकल्याची रुखरुख तिच्या मनात होती. लोकांना तिची पर्वा नव्हती. त्यांनी तिला डोक्यावर घेतले. पुढे २०१८ साली लंडनहून ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी विमाने वाटेत न थांबता सुमारे सतरा तासांत जाऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धात ॲमी लष्कराची विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचवीत असे. ५ जानेवारी १९४१ रोजी ती अशाच एका कामगिरीवर निघाली. प्रवास इंग्लंडमधल्या इंग्लंडमध्ये, जेमतेम दीड तासाचा. हवा अतिशय वाईट होती. वाट चुकून तिचे विमान थेम्स नदीच्या मुखाशी पाण्यात कोसळले. तिचा देह कधीच सापडला नाही.

वडिलांच्या मासळीच्या व्यापारचिन्हावरून तिने आपल्या हिरव्या विमानाचे नाव ‘जेसन’ ठेवले होते. ते लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवले आहे.