विश्लेषण : ग्लॅडिएटरांचा वैद्य गॅलेन जायबंदी खेळाडूंना पुन्हा उभे करायला कसा शिकला?

रोममधील एका आखाड्यात कुस्ती खेळताना ३५ वर्षांच्या गॅलेनच्या खांद्याला जबर दुखापत झाली. प्रशिक्षकाला वाटले, दंडाचे हाड निखळले आहे. त्याने हात ओढून ते बसवायला सुरुवात केली. पण निखळलेल्या हाडाचा गोळा काखेत लागायला हवा, तो लागत नाही, हे गॅलेनच्या लक्षात आले. सुटला होता तो खांद्याच्या टोकाशी असलेला कॉलर बोनचा जोड. त्याने ओढणे थांबवले, घट्ट पट्टी बांधून घेतली आणि तब्बल ४० दिवस ती सहन केली. खांदा पूर्ववत झाला. क्रीडा दुखापतीतून सावरण्याचे तत्त्व या एका प्रसंगात सापडते : आधी अचूक निदान, मग उपचार आणि सोबत संयम.

गॅलेन कोण होता?

इसवी सन १२९ मध्ये पर्गमम, म्हणजे आजच्या तुर्कियेतील बर्गामा येथे त्याचा जन्म झाला. वडील निकॉन स्थापत्यविशारद होते. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असताना त्यांना स्वप्नात दृष्टान्त झाला आणि त्यांनी त्याला वैद्यकाकडे वळवले. वडिलांच्या निधनानंतर गॅलेनने स्मर्ना, कॉरिंथ आणि अलेक्झांड्रिया येथे शिक्षण घेतले. युनानी वैद्यकात आजही ज्याचे नाव आदराने घेतले जाते, तो जालिनूस म्हणजेच हा गॅलेन.

ग्लॅडिएटरांकडे तो कसा पोहोचला?

१५७ मध्ये, २८ व्या वर्षी तो पर्गममला परतला. तेथे ग्लॅडिएटरांच्या झुंजी मुख्य पुजाऱ्याच्या देखरेखीखाली होत. गॅलेनने जमलेल्या वैद्यांसमोर एका माकडाचे पोट फाडले आणि आतडी पुन्हा बसवून दाखवण्याचे आव्हान दिले. कोणी पुढे आले नाही. त्याने ते काम स्वतः केले. हे काम मिळण्यामागे या प्रात्यक्षिकाचा मोठा वाटा होता. पुढे सुमारे चार वर्षे तो या पदावर राहिला.

तिथे तो काय शिकला?

मानवी शवविच्छेदनाला तेव्हा वाव नव्हता. त्यामुळे ग्लॅडिएटरांच्या खोल जखमा हीच त्याची शाळा ठरली. मांडीचा स्नायू आडवा कापला गेला, तर नुसती कातडी शिवून पाय पूर्वीसारखा चालत नाही, स्नायूची टोके जुळवावी लागतात, हे त्याने ओळखले. जखमेवर वाइनमध्ये भिजवलेले कापड ठेवून ते तो रात्रंदिवस ओले ठेवत असे. आहारावरही त्याचे लक्ष होते. सातू आणि द्विदल धान्यांवर पोसलेल्या ग्लॅडिएटरांचे अंग घट्ट न होता सैल होते, असे त्याचे निरीक्षण होते. आपल्या काळात मृत्यू खूप घटले, असा दावा त्याने केला. मात्र त्याला आधार त्याच्याच लेखनाचा आहे आणि तो स्वतःची बढाई मारण्यात मागे नव्हता.

दुखते तिथेच उपचार का नाही?

रोममध्ये पॉसानियस नावाच्या विद्वानाच्या हाताची बोटे बधिर झाली होती. इतर वैद्य बोटांवर लेप लावत राहिले. गॅलेनने खोदून विचारले, तेव्हा तो वाहनातून पडून पाठीच्या वरच्या भागाला मार बसल्याचे कळले. त्याने तोच लेप मणक्यावर लावायला लावला आणि रुग्ण बरा झाला. लेपाचा वाटा किती, हे बाजूला ठेवू. पण लक्षण एका जागी आणि बिघाड दुसऱ्या जागी असू शकतो, ही त्याची समज आजही फिजिओथेरपीत मोलाची आहे.

व्यायामाची मात्रा कशी ठरवायची?

आरोग्यरक्षणावरील ग्रंथात गॅलेनने व्यायामाची वर्गवारी केली. खणणे, दोरावर चढणे हे ताकदीचे. धावणे, चेंडू खेळणे हे वेगाचे. आणि दोन्हींचा मेळ असलेले जोरकस व्यायाम वेगळे. मालिशचेही त्याने जोर आणि कालावधीनुसार नऊ प्रकार मांडले. व्यायामाआधी शरीर तयार करायचे, नंतर शांत करायचे. वय आणि प्रकृती पाहून मात्रा ठरवायची. त्वचेवरचा तजेला किंवा हालचालीतील सहजता ओसरू लागली, की थांबायचे. सगळ्यांना एकच तक्ता चालत नाही, हा त्याचा आग्रह होता.

त्याच्या चुका कोणत्या?

पुढे तो सम्राट मार्कस ऑरेलियसच्या दरबारी वैद्य झाला. १९२ मधील रोमच्या आगीत त्याचे बरेच ग्रंथ जळाले, तरी उरलेल्यांनी शतकानुशतके वैद्यकावर राज्य केले. प्राण्यांच्या शरीरावरून माणसाबद्दल काढलेले त्याचे अनेक निष्कर्ष चुकीचे होते. १५४३ मध्ये व्हेसेलियसने मानवी शरीररचनेवरील ग्रंथातून त्यातील अनेक चुका दाखवून दिल्या. रक्त यकृतात तयार होऊन शरीरात खर्ची पडते, हे मतही पुढे टिकले नाही.

आज त्यातून काय घ्यायचे?

आजचा पुनर्वसन कार्यक्रमही टप्प्याटप्प्याने पुढे जातो : निदान, दुखऱ्या भागाचे संरक्षण, हालचाल, ताकद आणि मग खेळ. आता साधने बदलली आहेत आणि अनेक दुखापतींत गॅलेनसारखे आठवडेच्या आठवडे घट्ट बांधून न ठेवता लवकर हालचाल सुरू करतात. पण मैदानावर सांधा ओढून बसवण्याची घाई आणि दुखणे थांबले की लगेच खेळायला उतरण्याचा मोह अजून तसाच आहे. खांदा दुखावला तेव्हा गॅलेनने पहिल्यांदा काय केले असेल, तर ओढणाऱ्याचा हात थांबवला.