सेइबेई नाकागावा

सेइबेई नाकागावा (जन्म: इ.स. १८४८, मृत्यू: इ.स. १९१६) हे जपानी बिअर-तंत्रज्ञ होते. जर्मनीत बिअरनिर्मितीचे रीतसर शिक्षण घेणारे पहिले जपानी म्हणून ते ओळखले जातात. साप्पोरो येथील पहिल्या बिअर कारखान्याचे ते मुख्य तंत्रज्ञ होते.

== प्रारंभिक जीवन ==
नाकागावा यांचा जन्म एचिगो प्रांतातील योइता (सध्याचा निईगाता प्रभाग) येथे झाला. परदेशगमन हा त्या काळी जपानमध्ये देहदंडास पात्र गुन्हा होता. तरीही इ.स. १८६५ मध्ये ते गुप्तपणे इंग्लंडला गेले. तेथे व नंतर जर्मनीत त्यांनी घरगडी म्हणून काम करून उदरनिर्वाह केला.

== शिक्षण ==
जर्मनीत त्यांची भेट शूझो आओकी यांच्याशी झाली. आओकी पुढे जपानचे परराष्ट्रमंत्री झाले. त्यांच्या प्रोत्साहनाने व साहाय्याने नाकागावा इ.स. १८७३ मध्ये बर्लिनजवळील फ्युर्स्टनवाल्डे येथील बिअर कारखान्यात उमेदवार म्हणून दाखल झाले. धान्याला मोड आणून माल्ट बनवण्यापासून किण्वन व साठवणीपर्यंतची कामे त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ प्रत्यक्ष केली. इ.स. १८७५ मध्ये प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळवून ते त्याच वर्षी मायदेशी परतले.

== साप्पोरो येथील कार्य ==
होक्काइदो बेटाच्या विकासासाठी स्थापन झालेल्या 'काइताकुशी' या सरकारी विभागाने त्यांची नेमणूक केली. प्रायोगिक कारखाना आधी तोक्यो येथे उभारण्याचे ठरले होते. मात्र नाकागावा यांनी आत्मसात केलेल्या जर्मन पद्धतीत किण्वन कमी तापमानात होते आणि तयार बिअर अनेक आठवडे थंड तळघरात मुरवावी लागते. यांत्रिक शीतकरण उपलब्ध नसल्याने त्यासाठी नैसर्गिक बर्फ आवश्यक होता. प्रकल्पप्रमुख हिसानारी मुराहाशी यांनी हे ध्यानात घेऊन कारखाना थेट होक्काइदोत उभारण्याचा आग्रह धरला. मुराहाशी हेही इ.स. १८६५ मध्येच गुप्तपणे इंग्लंडला गेले होते.

सप्टेंबर १८७६ मध्ये साप्पोरो येथे कारखाना सुरू झाला. नाकागावा यांच्या देखरेखीखाली तयार झालेली बिअर इ.स. १८७७ मध्ये विक्रीस आली. तिच्या नावातच ती थंड पद्धतीने बनवल्याचा उल्लेख होता, तर वेष्टनावर काइताकुशीचे ताऱ्याचे चिन्ह होते.

== उत्तरायुष्य ==
इ.स. १८८६ मध्ये कारखाना खासगी मालकीकडे गेला व पुढील वर्षी साप्पोरो बिअर कंपनी स्थापन झाली. कंपनीने माक्स पोलमान या जर्मन तंत्रज्ञाची नेमणूक केली. ज्या देशातून नाकागावा ही विद्या शिकून आले होते, त्याच देशातील तज्ज्ञाकडे आता उत्पादनाची तांत्रिक सूत्रे गेली. इ.स. १८९१ मध्ये नाकागावा यांनी कारखाना सोडला. त्यानंतर त्यांनी ओतारू या बंदरात प्रवासीनिवास चालवला. पुन्हा ते बिअरच्या व्यवसायात परतले नाहीत.

== वारसा ==
त्यांनी सुरू केलेल्या कारखान्यातूनच आजच्या साप्पोरो बिअरची परंपरा निर्माण झाली. या बिअरवर आजही तारा आढळतो.