इव्हान पाव्हलॉव्ह

रशियातील रियाझान शहरी १८४९ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी इव्हान पाव्हलॉव्ह यांचा जन्म झाला. वडिलांचा मार्ग सोडून त्यांनी शरीरशास्त्राची कास धरली. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या संशोधनात एक नवल त्यांच्या ध्यानी आले. अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, ते आणणाऱ्याची नुसती चाहूल लागताच कुत्र्याला लाळ सुटे! ही बाब त्यांनी क्षुल्लक मानली नाही. दर वेळी खाणे देण्यापूर्वी ठरावीक आवाज केला, की काही दिवसांनी नुसत्या आवाजानेही लाळ सुटू लागे. अनुभवाने शिकलेला मेंदूच लाळग्रंथींना आज्ञा देतो, हे त्यांनी दाखवून दिले.

या प्रयोगांसाठी कुत्र्यांना शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या. त्या मुक्या जीवांचे ऋण पाव्हलॉव्ह विसरले नाहीत. १९३५ साली त्यांच्या पुढाकाराने तेव्हाच्या लेनिनग्राड शहरी कुत्र्याचे स्मारक उभारण्यात आले. पुढच्याच वर्षी ते निवर्तले.